चढाला दुखणारी दाढ

मिंदोरो बेटाच्या डोंगरांत दर एप्रिलला शिरगणती होते. शिरगणती कसली, शिंगगणतीच म्हणायची! तामाराव हा बुटका, काळा, तापट डोक्याचा रानरेडा. जगात तो फक्त याच बेटावर उरला आहे आणि तोही मोजण्याइतकाच. म्हणून वनरक्षकांच्या तुकड्या वेगवेगळ्या टेकड्यांवर चढतात आणि चार दिवस रोज पहाटे आणि संध्याकाळी, सगळ्या एकाच वेळी, दुर्बिणी लावून गवतात उतरलेली जनावरं मोजतात. एखादी टेकडी रिकामी राहिली, तर त्या वर्षीच्या नकाशात तेवढं भोक पडतं.

सगळ्यात लांबची टेकडी म्हणजे मोडक्या शिंगाची. तळावरून दोन दिवसांची चाल, वाटेत तीनदा नदी, आणि शेवटी छातीवर येणारा चढ. सतरा वर्षं ही टेकडी एलेउतेरियोची होती. सगळे त्याला तेरियो म्हणत, धाकटे मानोंग तेरियो, म्हणजे तेरियोदादा. वय त्रेपन्न, अंगकाठी वेताची, पायात रबरी चपला. पाठीवर पंचवीस किलो घेऊन तो असा चढायचा की मागून येणाऱ्या पोरांच्या नाकी नऊ यायचे.

या वर्षी मात्र त्याची दाढ दुखत होती.

दोन महिन्यांपासून दुखत होती. डाव्या जबड्यात, खालच्या बाजूला, कोणी चिमट्यात धरून पिळावं तशी. तीन आठवड्यांपूर्वी तो शहरात जाऊन दंतवैद्यासमोर तोंड उघडून बसला होता. दंतवैद्य म्हणाला, "दाढ तर ठणठणीत दिसतेय." तेरियो म्हणाला, "दिसतेय तुम्हाला, दुखतेय मला. काढा!" मग ती काढली. चांगली पांढरीशुभ्र, मुळासकट. आणि आठ दिवसांनी जंगलातली गस्त घालताना, पहिल्याच खिंडीत, जबड्यात पुन्हा तोच चिमटा!

'शेजारची असेल,' तेरियोने ठरवलं. 'मोजणी झाली की तीही काढू.' बायकोला, लोर्नाला, त्याने यातलं अक्षरही सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी तुकडी निघाली. एकूण पाच जण. पुढे इनाव. तो याच डोंगरातल्या ताऊ-बुइद लोकांपैकी, ओठात पाइप, बोलणं मोजकं. त्याच्यामागे तेरियो. मग जोवेलिन, विद्यापीठातली चोवीस वर्षांची पोरगी. रानरेड्यांवर अभ्यास करत होती आणि पहिल्यांदाच मोजणीला आली होती. मग मानांग पुरिंग, म्हणजे पुरिंगताई, साठीची सुईण. निम्मा तालुका तिच्या हातात जन्मला होता आणि दरवर्षी ती स्वयंपाक आणि औषधपाणी या दोन्ही कामांसाठी तुकडीबरोबर यायची. शेवटी बोनी, तिशीतला धिप्पाड वनरक्षक, अंगात आठ नंबरची निळी बास्केटबॉलची बंडी. तोंड क्षणभर बंद नाही.

"मानोंग तेरियो!" बोनी मागून ओरडला. "या वर्षी तुमचा वेग बघून मला वाटतंय मी तरुण झालो."

"तू तरुण नाही झालास, तुझी जीभ झाली," तेरियो म्हणाला.

सगळे हसले. ऊन चढलं. कोगोन गवत डोक्याच्या वर गेलं आणि वाट एका कड्याला नागमोडी बिलगत वर निघाली. अर्ध्या चढावर जबड्यात चिमटा बसला. तेरियो थांबला. वाकून चपलेचा अंगठा नीट करू लागला. चिमटा सुटला. तो पुन्हा निघाला. शंभर पावलांवर पुन्हा चिमटा! या वेळी त्याने दुर्बीण काढली आणि रिकाम्या आभाळात एक धनेश पक्षी शोधू लागला.

"कुठेय?" जोवेलिनने विचारलं.

"गेला."

तिसऱ्यांदा तो थांबला तेव्हा तिने विचारलं नाही. तिने नुसतं बघितलं. तेरियोच्या कपाळावर घाम होता, पण बाकी सगळ्यांच्या घामासारखा नाही. तो थंड होता, मेणासारखा.

"दाढ," तेरियो ओशाळून म्हणाला. "चढाला लागलं की दुखते."

"म्हणजे उंचीला घाबरते!" बोनी खिदळला. "मानोंग, तिला डोळे मिटून घ्यायला सांगा!"

तेरियोही हसला. लवंगेचा तुकडा दाढेखाली दाबून तो चालू लागला. दुपारी त्यांनी पहिली नदी ओलांडली, मग दुसरी. पाणी घोट्याएवढंच होतं, काचेसारखं. संध्याकाळी नदीकाठी भात शिजला, सुकी मासळी निखाऱ्यावर तडतडली. पुरिंगने कच्चे आंबे चिरून मीठ लावलं आणि बोनीने गाणं सुरू केलं. जेवणानंतर तेरियोने आपली पिशवी उघडली. तळलेल्या मक्याचे दाणे, त्याच्या आईच्या गावाकडचे, खड्यासारखे टणक. तो गप्पा मारत कुडुमकुडुम खात बसला.

इनाव समोर बसून पाइप ओढत होता. बराच वेळ तो तेरियोच्या तोंडाकडे बघत होता.

"डावीकडे चावतोस," तो म्हणाला.

"हं?"

"डावीकडे. दगड खाल्ल्यासारखं. दुखत नाही?"

तेरियोचा जबडा थांबला. खरंच की! त्याच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

"बसल्यावर नाही दुखत," तो म्हणाला.

"दाताला काय कळतं," इनाव शांतपणे म्हणाला, "तू बसलास की उभा आहेस?"

बोनीला हे फारच आवडलं. त्याने त्याचं लगेच गाणं केलं. पण पुरिंग हसली नाही. भांडं घासता घासता तिचे हात थांबले होते.

"तेरियो," ती म्हणाली, "हे कधीपासून?"

"झाले असतील पंधरा दिवस."

"खरं सांग."

"दोन महिने, मानांग."

"आधी कुठे दुखायचं? फक्त खिंडीच्या चढावर?"

"फक्त खिंडीत."

"आणि आज?"

तेरियोने मक्याची पिशवी बांधायला घेतली. आज पहिल्याच टेपाडावर दुखलं होतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. शिवाय डाव्या कोपरातही काहीतरी जड जड होतं. त्याचा दाढेशी संबंध नव्हता, म्हणून ते बोलायचं कारण नव्हतं.

पुरिंगने हात पदराला पुसावेत तसे फडक्याला पुसले आणि समोर येऊन बसली. "ऐक. मी दातांची डॉक्टर नाही. पण आरोग्य केंद्रातल्या बाईंनी आम्हा सगळ्यांना शिकवलंय. जबड्यापासून बेंबीपर्यंत, खांद्यात, हातात, पाठीत, कुठेही असं काही दुखलं, दाबलं, जड झालं, आणि ते कष्टाबरोबर येतं आणि विसाव्याबरोबर जातं, तर ते दुखणं जिथे दुखतं तिथलं नसतं. आधी काळजाचं समजायचं आणि डॉक्टरला दाखवायचं. नसलं तर बरंच झालं."

"काळजाचं असतं तर छातीत दुखलं असतं!"

"सगळ्यांना नाही दुखत. माझ्या बहिणीला पाठीत दुखायचं. ती महिनाभर तेल चोळत बसली."

"मग?"

"मग काय? तेल उरलं," पुरिंग म्हणाली आणि उठली. "उद्या सकाळी आपण परत फिरायचं."

आता मात्र तेरियो उसळला. सतरा वर्षं! एकदा ताप अंगात घेऊन त्याने ही टेकडी मोजली होती. एकदा वादळात तंबू उडाला तेव्हा झाडाला स्वतःला बांधून. आणि आता एका दाढेपायी नकाशात भोक? त्याने हातापाया पडून, रागावून, हसवून शेवटी एवढं मिळवलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवर ओझं नसेल, वेग पुरिंगचा असेल आणि टेकडीच्या पायथ्याशी काय ते ठरवायचं. पुढे पुरिंग सगळ्यांना सांगायची की आयुष्यात तिच्याकडून एकच मूर्खपणा झाला, तो त्या संध्याकाळी हो म्हणण्याचा.

मंगळवारचा दिवस मात्र सुंदर गेला. रिकाम्या पाठीने, मुंगीच्या पावलांनी तेरियो चालला आणि जबडा गप्प राहिला. शेवाळलेल्या दगडांतून तिसरी नदी ओलांडताना जोवेलिनला चिखलात ताजा ठसा दिसला. दुभंगलेला खूर, टोकाला रुंद.

"नर," तेरियो गुडघ्यावर बसून म्हणाला. "एकटा. आज सकाळचा. उजवा पाय थोडा ओढतोय बघ." आणि पुढचा तासभर तो जोवेलिनला ठशांची बाराखडी शिकवत राहिला. कुठे शेण, कुठे अंग घासलेलं झाड, कुठे लोळलेला चिखल. तिच्या वहीची पानं भरली. तेरियोला वाटलं, बघा, झालो की नाही बरा!

बुधवारी सकाळी टेकडीच्या पायथ्याशी, धुक्यात, तो कॉफीचा पेला हातात घेऊन बसला होता. बसलेलाच होता. चढ नाही, ओझं नाही, काही नाही. समोर मोडक्या शिंगाची टेकडी उन्हात हळूहळू सोनेरी होत होती. आणि चिमटा बसला!

तो वाट बघत राहिला. सुटला नाही. जबड्यातून गळ्यात उतरला, गळ्यातून डाव्या खांद्यात, खांद्यातून कोपरात. घाम फुटला. पेला कलंडला.

"मानांग," तो हळूच म्हणाला. "बसलोय तरी दुखतंय."

पुरिंग एका ढांगेत त्याच्याजवळ पोचली. "आडवा हो. नाही, पूर्ण नाही, बोचक्याला टेक. जठराचा व्रण? ॲस्पिरिन खाऊन कधी अंगावर उठलं होतं?"

"नाही."

"मग ही गोळी चाव. गिळू नकोस, चाव!"

"कुठल्या बाजूने?" तेरियोने पांढऱ्या ओठांनी विचारलं.

"पायाने चाव हवं तर! पण चाव!"

बोनी तोवर वायरलेसशी झटत होता. खरखर, शिट्ट्या, मग तळावरचा आवाज. तळाने जिल्हा रुग्णालयाला फोन लावला, तिथल्या डॉक्टरचं बोलणं तळावरच्या माणसाने शब्दाला शब्द पुढे पोचवलं. त्याला एक पाऊलही चालू देऊ नका. उचलून आणा. आत्ता, लगेच!

दहा मिनिटांनी चिमटा सैल झाला. तेरियोने डोळे उघडले तर बोनी आणि इनाव एक लांब, हिरवा बांबू तोडून आणत होते आणि जोवेलिन त्याची झोपायची झोळी सोडत होती.

"गेलं," तो म्हणाला. "आता बरं वाटतंय. ऐका, तुम्ही चौघं वर जा. मोजणी संध्याकाळी सुरू होतेय. मी इथे पडून राहतो."

बोनी बांबूला झोळी बांधू लागला.

"हा माझा हुकूम आहे! तुकडीचा प्रमुख मी आहे!"

पुरिंगने झोळीच्या गाठी ओढून पाहिल्या. "मोजणी दरवर्षी येते," ती म्हणाली. "तू दरवर्षी यावास अशी माझी इच्छा आहे. बस आत."

तेरियोने जोवेलिनकडे पाहिलं. ही पोरगी वर्षभर या चार दिवसांची वाट बघत होती. तिचा अख्खा अभ्यास त्या टेकडीवर टांगलेला होता. तिने दुर्बीण पिशवीत घातली, चेन ओढली आणि म्हणाली, "मानोंग, पाय आत घ्या."

आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा तेरियोने टेकडीकडे पाठ केली. खरं तर त्याने नाही, बांबूने केली.

नदीच्या संगमापर्यंत ट्रक येऊ शकत होता. आल्या वाटेने दीड दिवस, पण इनावला रेड्यांची एक वाट माहीत होती, तिने पाच तास. वाट उतरणीची, अरुंद, दोन्ही बाजूंना कोगोनच्या भिंती. पुढे इनाव, मागे बोनी, मध्ये बांबूला लटकलेली झोळी, वर उन्हासाठी टाकलेलं निळ्या ताडपत्रीचं छप्पर. थकले की खांदा बदलायचा. जोवेलिन आणि पुरिंग पाळीपाळीने बांबूखाली येत.

"मानोंग," बोनी धापा टाकत म्हणाला, "तुम्ही दिसता वेताएवढे आणि वजन मात्र फणसाएवढं! खिशात दगड आहेत का?"

"मक्याचे दाणे आहेत," झोळीतून आवाज आला. "देऊ?"

"मागे एकदा रानडुक्कर असं नेताना पाहिलं होतं एकाला. ते इतकं बोलत नव्हतं."

झोळी हसायला लागली, गदगद हलायला लागली. "हसू नकोस!" पुरिंग ओरडली. "बोनी, तोंड बंद! याचं काळीज आहे, ढोलकं नाही!"

पहिला तास, दुसरा तास. खांदे सोलवटले. जळवा पायांवर चढल्या, कोणी काढायलाही थांबलं नाही. तिसऱ्या तासाला वाट एका वळणावर मोकळ्यात उतरली. आणि इनाव जागच्या जागी थिजला.

पंधरा पावलांवर तो उभा होता!

काळाकभिन्न. आखूड मानेचा. शिंगं इंग्रजी व्ही अक्षरासारखी सरळ, मागे झुकलेली, टोकं घासून पांढरी झालेली. उजवा पाय किंचित उचललेला. कालच्या ठशाचा मालक! नाकातून फुस्स आवाज आला. डोकं खाली गेलं, शिंगं पुढे आली.

बोनीचं तोंड आयुष्यात पहिल्यांदा बंद झालं.

"कोणी पळायचं नाही," झोळीतून तेरियोचा आवाज आला, अगदी हळू, अगदी स्वच्छ. ताडपत्रीच्या फटीतून त्याला शिंगं दिसत होती. "पळालं की तो धावणार. झोळी आदळू नका. वारा कुठून?"

"त्याच्याकडून आपल्याकडे," जोवेलिन कुजबुजली.

"म्हणजे त्याला आपला वास नाही. त्याला काय दिसतंय? आठ पायांचं, निळ्या पाठीचं जनावर. असलं काही त्याच्या आजोबानेही पाहिलं नसेल. बिचारा गोंधळलाय. त्याला सांगा की आपण माणसं आहोत. बोनी, बंडी काढ."

"काय?"

"तीन दिवस घातलीस ना? काढ! आत दगड बांध. त्याच्या नाकापुढे टाक. अंगावर नको, पुढे."

बोनीच्या खांद्यावरचा बांबू जोवेलिनने सरकून स्वतःवर घेतला. बोनीने बंडी डोक्यावरून ओढली, दगड गुंडाळला. रेड्याने जमीन खुराने उकरली. एकदा. दोनदा. मातीचं ढेकूळ मागे उडालं.

"आता!"

निळी बंडी हवेत गरगरली आणि रेड्याच्या पुढ्यात पडली. तो दचकला. मान पुढे केली. वास घेतला. मग असा काही फुरफुरला की जणू कोणी त्याच्या नाकात मिरचीची पूड फुंकली! शिंगं खाली घालून त्याने बंडीला एक तडाखा दिला, दगड उडाला, बंडी शिंगात अडकली, आणि तामारावसाहेब वळले ते गवत फाडत, दरड उतरत, निळं निशाण फडकवत दिसेनासे झाले!

मग इनाव हसायला लागला. सतरा वर्षांत इनावला असं हसताना कोणी पाहिलं नव्हतं. पाइप तोंडातून पडला.

"माझी बंडी!" बोनी उघड्या अंगाने ओरडला. "आठ नंबर! फायनलला घातली होती!"

"तुझ्या घामाचा वास वाघालाही पळवेल," पुरिंग डोळे पुसत म्हणाली. "तेरियो, तू हसू नकोस म्हटलं ना!"

पण तेरियो हसत नव्हता. ताडपत्री उचलली तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा होता. चिमटा परत आला होता.

इनावने पाइप उचलला आणि तो जवळजवळ धावू लागला. मागे डोंगरात ढग गडगडले. वरती कुठेतरी पाऊस कोसळत होता. शेवटच्या नदीपाशी ते पोचले तेव्हा काचेसारखं पाणी गढूळ, मांडीएवढं झालं होतं, आणि दर मिनिटाला वाढत होतं. पलीकडे, संगमाच्या वाळूत, ट्रकचा हिरवा ठिपका दिसत होता!

"थांबायचं?" जोवेलिनने विचारलं.

पुरिंगने तेरियोच्या मनगटावर बोटं ठेवली. "नाही."

इनाव दोर घेऊन आधी गेला. पाणी त्याच्या कमरेला लागलं. पलीकडच्या खडकाला त्याने दोर बांधला आणि परत आला. बांबू आता खांद्यावर नाही, डोक्यावर. पाऊल टाका. टेका. पुढचं टाका. मध्यावर प्रवाहाने बोनीचा पाय उडवला, तो गुडघ्यावर आला, झोळीचा तळ पाण्यात बुडाला. "धर!" जोवेलिनने एका हाताने दोर, दुसऱ्याने बांबू धरला आणि अख्ख्या अंगाने मागे रेलली. तिच्या पाठीवरची पिशवी सुटली, गरगरत वाहून गेली. दुर्बीण, तंबू, सगळं! तिने मान वळवूनही पाहिलं नाही. बोनी उठला. पाणी छातीला. पाऊल. अजून एक. मग वाळू!

ट्रकवाल्याने मागची फळी आधीच पाडून ठेवली होती.

तेरियोला नंतरचं तुकड्यातुकड्यांत आठवायचं. गचके. पुरिंगची मांडी डोक्याखाली. रुग्णालयातल्या दिव्यांची रांग. छातीवर चिकटवलेल्या थंड चकत्या, कागदावर धावणारी रेघ आणि तरुण डॉक्टरीणबाईंचं तोंड, रेघ बघताना एकदम गंभीर झालेलं. औषधं, मग बोटीने मोठ्या शहरात, मग मनगटातून आत गेलेली बारीक तार. हृदयाची एक नळी जवळजवळ बुजली होती. त्यांनी ती उघडली आणि आत जाळीची छोटी नळी बसवली. दोन दिवसांनी त्याला परत जिल्हा रुग्णालयात आणलं.

"पाच तास चालत आला असतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तर आपण आत्ता बोलत नसतो. दोन महिने शरीर ओरडून सांगत होतं. श्रम केले की येतं, थांबलं की जातं. तेव्हाच यायचं होतं. बसल्या जागी व्हायला लागलं, म्हणजे तर घड्याळही बघायचं नाही."

"पण दुखत जबड्यात होतं."

"हृदयाला स्वतःचं तोंड नसतं. दुसऱ्याच्या तोंडाने बोलतं."

तेरियोने जिभेने रिकामी जागा चाचपली. "मग त्या बिचाऱ्या दाढेचं काय?"

"तिच्यासाठी प्रार्थना करा," बाई म्हणाल्या आणि त्यांना स्वतःलाच हसू आवरेना.

लोर्ना मात्र हसली नाही. ती तीन दिवस त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही, फक्त भरवत राहिली. चौथ्या दिवशी म्हणाली, "दाढ दंतवैद्याला दाखवलीस. मला दाखवली असतीस तर मी विचारलं असतं, डोंगरावरच का दुखते म्हणून." तेरियोने मान खाली घातली.

त्याच दुपारी बोनी आणि जोवेलिन मोजणीचे आकडे घेऊन आले. मोडक्या शिंगाच्या टेकडीपुढे नुसती आडवी रेघ होती. तेरियोने त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"शेरा वाचा, मानोंग," जोवेलिन म्हणाली.

शेजारच्या टेकडीच्या रकान्यात, बुधवार संध्याकाळ, कोणीतरी गंभीरपणे लिहिलं होतं: 'प्रौढ नर, एक. उजवा पाय ओढतो. शिंगात निळी बंडी, क्रमांक आठ.' खाली तळप्रमुखाच्या अक्षरात: 'तुकडीने पाण्याशिवाय दुसरं काही प्यायलेलं नाही, याची खात्री केली आहे.'

या वेळी तेरियो पोटभर हसला. आणि कोणी अडवलं नाही.

वर्ष गेलं. आधी अंगणात दहा फेऱ्या, मग भाताच्या बांधावरून, मग शाळेपर्यंत, लोर्ना बरोबर, गोळ्या वेळच्या वेळी. रुग्णालयात फिरत्या पट्ट्यावर चालवून, तारा लावून बघितलं. सिगारेट सुटली, खारी मासळी अर्ध्यावर आली. मार्चच्या शेवटी डॉक्टरीणबाईंनी कागदावर सही केली. ओझं नाही, घाई नाही, एकटं नाही. आणि काही वेगळं वाटलं तर लगेच सांगायचं, चपलेचा अंगठा नीट करत बसायचं नाही.

एप्रिलमध्ये मोडक्या शिंगाच्या तुकडीची प्रमुख जोवेलिन होती. इनाव पुढे, पाइप ओठात. बोनीच्या अंगात नवी लाल बंडी. पुरिंगच्या मागे, तिच्या पावलात पाऊल टाकत, तेरियो. दोन दिवसांची वाट त्यांनी तीन दिवसांत केली. वाटेत बोनीला धाप लागली आणि त्याने गंमत म्हणून छाती धरली, तर चौघांनी मिळून त्याला खाली बसवलं आणि खरं सांगेपर्यंत उठू दिलं नाही.

शेवटचा चढ. टेकडी तशीच छातीवर आलेली. अर्ध्यावर, मोठ्या खडकापाशी, तेरियो थांबला. असाच चढ लागला की चिमटा यायचा. त्याने जबडा थोडा उघडला. कोपर हलवलं. वाट पाहिली.

"काय?" पुरिंगने मागे वळून विचारलं. तिचा हात आधीच पिशवीत गेला होता.

वारा गवतावरून आला आणि गेला. तेरियोचं काळीज ठोके टाकत होतं, जोरात, सरळ, एकामागून एक, भाताच्या मुसळासारखे. बाकी कुठेच काही नव्हतं.

"काही नाही, मानांग," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "खरंच काही नाही!"

सूर्य कलला तेव्हा पाचही जण टेकडीच्या माथ्यावर पालथे पडले होते. खाली सोनेरी कोगोन, त्यात कोवळ्या हिरव्या गवताचे पट्टे. कोणी श्वासही मोठ्याने घेत नव्हतं. जोवेलिनने वही उघडली, तारीख टाकली, टेकडीचं नाव लिहिलं आणि नवी दुर्बीण न बोलता तेरियोच्या हातात दिली.

रानाच्या कडेला गवत हललं. काळं नाक बाहेर आलं, मग शिंगं, मग सगळं काळं, चमकतं अंग. आणि त्या मादीच्या पोटाशी, लटपटत्या पायांवर, तांबूस रंगाचं, जेमतेम काही दिवसांचं पिल्लू!

"लिही," तेरियो कुजबुजला. "दोन."